कंसातलं घोडबंदर: एका रस्त्याच्या दोन नावांचं प्रकरण

मालाडचं आमचं जुनं बैठं घर विकायचं ठरलं आणि सगळं सुरळीत चाललं होतं, घेणारा माणूस भला, किंमत ठरली, टोकन झालं, त्याच्या बँकेने टायटल तपासायला कागद वकिलाकडे पाठवले. आजोबांचं १९५४ सालचं खरेदीखत, इंग्रजीत टाईप केलेलं, घड्यांवर फाटलेलं, आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेलं. त्याच्या शेवटी परिशिष्टात मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा. पूर्वेस रेल्वेची हद्द, पश्चिमेस घोडबंदर रोड, उत्तर-दक्षिणेस शेजाऱ्यांच्या जागा.

आठ दिवसांनी वकिलाची क्वेरी आली. खरेदीखतातली मिळकत घोडबंदर रोडवर दिसते, घोडबंदर रोड ठाणे जिल्ह्यात आहे, प्रॉपर्टी कार्ड मात्र मालाडचं आहे आणि त्या मिळकतीच्या पश्चिमेला एस. व्ही. रोड, म्हणजे स्वामी विवेकानंद मार्ग आहे, तर दोन्ही मिळकती एकच असल्याचा पुरावा द्या. तोवर लोन मंजूर होणार नाही.

मी फोनवर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अरे पण तोच तर रस्ता! तुझी आजी शेवटपर्यंत घोडबंदर रोडच म्हणायची, एस. व्ही. कधी तिच्या तोंडात बसलंच नाही."

आजीचं बोलणं वकिलाला पुरावा म्हणून चालणार नव्हतं हे उघड आहे. आणि खरं सांगतो, मला त्या वकिलाचा राग आला नाही. तरुण मुलगा होता, मॅपवर घोडबंदर रोड टाईप केलं की त्याला माजिवडा, मानपाडा, कासारवडवली दिसत होतं, मालाड कुठेच नाही, मग त्याने विचारायला नको का? त्याचं ते कामच आहे. पण त्यानंतर दोन-अडीच महिने मी या एका रस्त्याच्या मागे लागलो, कागदासाठी सुरुवात केली आणि मग कागद बाजूला राहिला, रस्ताच डोक्यात बसला. ज्यांची जुनी घरं वांद्र्यापासून दहिसरपर्यंत कुठेही आहेत त्यांना हे उपयोगी पडेल म्हणून सगळं प्रकरण लिहून काढतोय.

रस्ता मुळात कुठे जात होता

आधी नावातलं गाव बघू, कारण ते बघितल्याशिवाय बाकी काही कळत नाही. घोडबंदर हे खरंखुरं गाव आहे, वसईच्या खाडीच्या काठावर, उल्हास नदी समुद्राकडे जाते त्या वाटेवर. घोडे आणि बंदर. पोर्तुगीजांच्या काळात तिथे घोड्यांचा व्यापार चालायचा त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. वर टेकाडावर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आजही उभा आहे. १७३७ साली साष्टीची, म्हणजे आज मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्यावर आहे त्या बेटाची, मोहीम झाली तेव्हा तो मराठ्यांनी घेतला, आणि १७३९ ला चिमाजी आप्पांनी वसई घेतली. म्हणजे मुंबईच्या बेटावर इंग्रज होते तेव्हा पलीकडच्या साष्टीत आधी पोर्तुगीज आणि मग मराठे, आणि मध्ये माहीमची खाडी. १७७४ च्या शेवटी इंग्रजांनी साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहात ती त्यांच्याकडेच राहिली, तरीसुद्धा बेटावरून साष्टीत जायचं तर पाणी ओलांडावं लागायचंच.

हे पाणी दोन ठिकाणी बांधलं गेलं आणि त्यातूनच उपनगरांचे दोन मोठे रस्ते निघाले, हा माझ्या मते या गोष्टीचा गाभा आहे. पूर्वेकडे सायनचा कॉजवे, जोनाथन डंकन गव्हर्नर असताना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला, त्यावर टोल होता. तिथून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड करत ठाण्याला जाणारा तो आग्रा रोड, म्हणजे आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग. पश्चिमेकडे माहीमचा कॉजवे, तो १८४५ ला खुला झाला. त्याचा बराचसा खर्च सरकारने केला नव्हता, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की यावर टोल घ्यायचा नाही. माहीममध्ये आज जो एल. जे. रोड आहे तो त्यांच्याच नावाचा, लेडी जमशेटजी रोड. त्या कॉजवेवरून उतरून वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर आणि पुढे काशीमिऱ्यावरून खाडीच्या काठापर्यंत जाणारा तो घोडबंदर रोड.

आता नकाशावर बोट ठेवून बघा. मधोमध डोंगर, आज त्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात, साधारण १०४ चौरस किलोमीटर. त्याच्या पश्चिमेने वर जाणारा घोडबंदर रोड, पूर्वेने वर जाणारा आग्रा रोड, आणि उत्तरेला खाडीच्या काठाकाठाने या दोघांना जोडणारा घोडबंदर ते ठाणे हा तुकडा. साष्टीच्या डोंगराभोवती पूर्ण कडं झालं. मुंबईहून निघालेला माणूस पश्चिमेने गेला तरी घोडबंदरला पोचतो आणि ठाण्याहून निघालेला माणूस उत्तरेच्या काठाने आला तरी घोडबंदरलाच पोचतो, म्हणून दोघांनीही आपापल्या रस्त्याला तेच नाव दिलं, जिथे जायचंय तिथलं. कोणी समिती बसवून ठरवलेलं नाव नव्हतं हे. गाडीवानाला विचारलं हा रस्ता कुठे जातो तर तो म्हणणार घोडबंदरला, झालं.

मार्ग असा का, हेही बघण्यासारखं आहे. या पट्ट्यात पूर्वेला डोंगर आणि पश्चिमेला खाड्या, खारफुटी, मिठागरं, भरतीचं पाणी. मधली जी जरा उंच आणि कोरडी जमीन आहे त्यावरूनच रस्ता जाणार. आणि डोंगरातून पश्चिमेला वाहणाऱ्या तीन नद्या त्याला ओलांडाव्याच लागतात, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर. आज त्या काँक्रीटच्या भिंतींमध्ये कोंडून नाल्यासारख्या झाल्यात त्यामुळे आपण नदी ओलांडतोय हे कळतही नाही, पण या रस्त्यावरचे पूल म्हणजे खरं तर त्या नद्यांचीच आठवण आहे. मग १८६० च्या दशकात बीबीसीआय रेल्वे, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, आली, १८६७ ला विरारहून गाडी सुरू झाली, ती रेल्वेसुद्धा याच कोरड्या पट्ट्यातून रस्त्याला जवळजवळ खेटून गेली. स्टेशनं झाली, स्टेशनच्या पश्चिमेला बाजार वसला, आणि प्रत्येक उपनगराचा स्टेशनरोड जाऊन मिळतो तो याच रस्त्याला. म्हणूनच आमच्या खतात पूर्वेला रेल्वे आणि पश्चिमेला रस्ता. मालाडच्या त्या अरुंद पट्टीतल्या शेकडो जुन्या मिळकतींचं वर्णन असंच असणार.

एक गोष्ट मला अगदी आत्ता कळली, इतकी वर्षं त्या भागात काढून. बोरिवलीला एस. व्ही. रोड पश्चिमेला आहे आणि दहिसरला पूर्वेला. म्हणजे मधे रस्ता रेल्वेच्या पलीकडे जातो. दहिसर पूर्वेचा पत्ता एस. व्ही. रोड असा वाचला की बाहेरच्या माणसाला वाटतं चूक झालीय. चूक नाही, जुना रस्ता काशीमिऱ्याच्या दिशेने डोंगराच्या कडेला वळतोय, त्याला घोडबंदरला जायचंय ना. नाव एस. व्ही. रोड ठेवलं तर हे वळण का आहे ते कळत नाही, घोडबंदर रोड म्हटलं की लगेच कळतं.

नाव कुठे बदललं आणि कुठे थांबलं

रस्त्याला स्वामी विवेकानंदांचं नाव दिलं त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधी स्पष्ट लिहितो. विवेकानंदांचं मुंबईशी नातं आहे, ३१ मे १८९३ ला ते मुंबईच्या बंदरातूनच बोटीने निघाले आणि शिकागोला पोचले. खारला रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, या रस्त्यापासून लांब नाही. वांद्र्याला स्टेशनजवळ रस्त्यालगत जो तलाव आहे, ज्याला सगळे वांद्रे तलाव म्हणतात, त्याचंही अधिकृत नाव स्वामी विवेकानंद सरोवर आहे. आदराने दिलेली नावं आहेत ती.

पण नाव देण्याचा अधिकार कोणाला असतो? ज्याच्या हद्दीत रस्ता, त्या महानगरपालिकेला. आणि हद्दीची गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. १९५० पर्यंत मुंबई महानगरपालिका माहीम-सायनलाच संपत होती. वांद्र्याला वेगळी नगरपालिका, तशाच बाकी उपनगरांच्या आपापल्या. १९५० ला हद्द जोगेश्वरीपर्यंत वाढली आणि १९५७ ला पश्चिमेला दहिसर आणि पूर्वेला मुलुंडपर्यंत. आजोबांनी १९५४ ला जागा घेतली तेव्हा मालाड मुंबई महानगरपालिकेत नव्हतंच. घोडबंदर रोड हा तेव्हा एका शहराचा रस्ता नव्हता, गावागावांतून जाणारा एक लांब रस्ता होता आणि त्याचं एकच नाव सगळ्या गावांना पुरत होतं.

आज विवेकानंदांचं नाव दहिसरला थांबतं. नकाशावर बघा, जिथे जकात नाका होता तिथेच थांबतं. पुढे मीरा-भाईंदर, ती वेगळी महानगरपालिका, २००२ ला झाली. त्याच्या पुढे ठाणे, ती १९८२ ला झाली. मुंबईला त्यांच्या हद्दीत नाव देता येत नाही. परिणाम असा झाला की एका सलग रस्त्याचे तीन तुकडे पडले. वांद्रे ते दहिसर एस. व्ही. रोड. दहिसर ते काशीमिरा आणि खाडीपर्यंत जुना रस्ता राष्ट्रीय महामार्गाच्या पोटात गेला, त्याला लोक हायवे म्हणतात, अहमदाबाद हायवे. आणि तिथून उजवीकडे वळून ठाण्यापर्यंत मात्र घोडबंदर रोड, जुनं नाव जसंच्या तसं. ज्या तुकड्याचं नाव टिकलं तो तुकडा पुढे एवढा गाजला, नव्वदनंतर तिथे टॉवर उठले, वाघबीळ, पातलीपाडा, कासारवडवली असे पत्ते पेपरच्या जाहिरातींत रोज यायला लागले, लोक जीबी रोड म्हणायला लागले, की आता घोडबंदर रोड म्हणजे फक्त ठाणे हेच सगळ्यांच्या मनात बसलंय. वकिलाच्या क्वेरीचं मूळ एवढंच आहे.

गंमत नाही, मला याचं मनापासून वाईट वाटतं की घोडबंदर गाव आणि तो किल्ला स्वतः ठाणे शहरात नाहीच, मीरा-भाईंदरच्या हद्दीत आहे. म्हणजे गाव एका महानगरपालिकेत, गावाच्या नावाचा रस्ता बहुतांश दुसऱ्या महानगरपालिकेत, आणि त्याच रस्त्याचा जुना मोठा भाग तिसऱ्या महानगरपालिकेत, दुसऱ्याच नावाने.

शेजारचंच अजून एक उदाहरण द्यायला हवं. घोडबंदरजवळ खाडीवर हायवेचा जो पूल आहे त्याला सर्रास वर्सोवा पूल म्हणतात. अंधेरीच्या वर्सोव्याशी त्याचा काहीही संबंध नाही, तिथे वरसावे नावाचं गाव आहे, त्याचा उच्चार बदलत बदलत वर्सोवा झाला. ट्रॅफिकची बातमी आली की वर्सोवा पुलावर कोंडी, आणि अंधेरीचा माणूस विचारात पडतो की आपल्याकडे असा कुठला पूल. नाव गावापासून तुटलं की असं होतं.

आग्रा रोडचंही तेच झालंय पण वेगळ्या तऱ्हेने. लाल बहादूर शास्त्रींचं ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदला निधन झालं, त्यानंतर सायन ते ठाणे या रस्त्याला त्यांचं नाव मिळालं, लोक एल. बी. एस. म्हणतात. पण नाशिकला जा, तिथे अजून मुंबई-आग्रा रोड आहे आणि मुंबई नाकाही आहे. रस्त्याच्या दोन टोकांना एकमेकांची नावं असणं किती सुंदर आहे. नाशिकचा माणूस मुंबई नाक्यावर उभा असतो तेव्हा त्याला मुंबई कुठल्या बाजूला ते माहीत असतं. घाटकोपरच्या एल. बी. एस. वर उभ्या असलेल्या मुलाला हा रस्ता कसारा घाट चढून नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करत आग्र्याला जात होता हे कोणी सांगितलं नाही तर कळायला मार्गच नाही.

आद्याक्षरांचा प्रश्न

अजून एक अडचण मला या कागदांच्या नादात लक्षात आली. माणसाचं नाव रस्त्याला दिलं की लांब नाव बोलायला जड पडतं, मग आद्याक्षरं होतात, आणि आद्याक्षरं झाली की माणूसही जातो आणि ठिकाणही जातं. स्वामी विवेकानंद मार्ग असं पाटीवर लिहिलेलं असतं, रिक्षावाल्याला आपण एस. व्ही. रोड सांगतो. बोरिवलीत एस. व्ही. पी. रोडही आहे, तो सरदार वल्लभभाई पटेलांच्या नावाचा, एका अक्षराचा फरक. एम. जी. रोड गोरेगावला आहे, कांदिवलीला आहे, घाटकोपरला आहे. एल. जे., जे. पी., एल. बी. एस., ही सगळी मोठ्या माणसांची नावं आहेत आणि रोज त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कितीतरी लोकांना अक्षरांमागचा माणूस सांगता येत नाही. मी माझ्या पुतणीला विचारलं, एस. व्ही. म्हणजे काय गं? ती अकरावीला आहे, हुशार आहे. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "सावित्री काहीतरी?" मला तिचं हसू आलं नाही. तिने पाटी वाचलीच नव्हती, कारण पाटी वाचायची गरज कोणालाच पडत नाही.

मग आपण ज्या माणसाचा आदर करायला नाव दिलं त्याचं स्मरण होत नाही आणि जे नाव काढलं त्याच्यातली माहितीही गेली. घोडबंदर हे नाव सबंध साष्टीत एकच होतं, दुसऱ्या कशाशी त्याची गल्लत होत नव्हती, ते दिशा सांगत होतं, शेवट सांगत होतं, आणि इथे कधीकाळी बंदर होतं हेही सांगत होतं. पश्चिम उपनगरांत आज उत्तर-दक्षिण जाणारे तीन मोठे रस्ते आहेत, लिंक रोड, एस. व्ही. आणि हायवे. लिंक रोडचं नाव काम सांगतं, हायवेचंही सांगतं. सगळ्यात जुना जो मधला, त्याचंच नाव काही सांगत नाही.

माझ्या मावशीचं उदाहरण देतो. ती ठाण्याला मानपाड्याला राहते. क्वेरीचं सगळं सांगितल्यावर आई तिला फोनवर म्हणाली, "अगं, आपण इतकी वर्षं एकाच रस्त्यावर राहतोय." मावशीला खरंच वाटेना. ती म्हणाली, "काहीतरीच काय सांगतेस, मी घोडबंदरला, तू मालाडला." मग आईने तिला एकेक गाव सांगत नेलं, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर, काशीमिरा, घोडबंदर, गायमुख, कासारवडवली, मानपाडा. मध्ये कुठेही रस्ता तुटत नाही. दोघी बहिणी थोडा वेळ गप्पच झाल्या, असं आईने मला सांगितलं.

मग कागद सुटला कसा

वकिलाला इतिहास सांगून उपयोग नव्हता, त्याला कागद हवा होता. मी काय काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण मला कोणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

पहिल्यांदा मी चुकीच्या दिशेने गेलो. मला वाटलं नाव बदलल्याचा ठराव मिळवावा, म्हणजे अमुक तारखेला घोडबंदर रोडचं नाव बदलून स्वामी विवेकानंद मार्ग केलं असा महानगरपालिकेचा कागद. अर्ज केला, वाट बघितली. त्यात खूप वेळ गेला आणि माझ्या कामाच्या वेळेत तरी तो हाती आला नाही. खरं तर त्याची गरजच नव्हती. मिळकत ओळखायला रस्त्याचं नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा असतो, हे मला नंतर एका जुन्या सर्व्हेअर काकांनी सांगितलं. ते म्हणाले, "नावं बदलतात, नंबर बदलतात, पण एका नंबरातून दुसरा नंबर कसा आला त्याची नोंद राहते. ती पकड."

म्हणजे काय, तर १९५४ च्या खरेदीखतात रस्त्याच्या नावाबरोबर जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर होता. आजच्या प्रॉपर्टी कार्डवर सीटीएस नंबर आहे, सिटी सर्व्हेचा. या दोघांना जोडणारी नोंद सिटी सर्व्हे ऑफिसात मिळते, कुठल्या सर्व्हे नंबरवरून कुठला सीटीएस नंबर पडला ती. त्याची सर्टिफाइड कॉपी काढली, सोबत सिटी सर्व्हेच्या नकाशाचा उतारा काढला. नकाशावर आमची जागा, पूर्वेला रेल्वेची जमीन, पश्चिमेला रस्ता. अगदी खतात लिहिलेलं तसं. क्षेत्रफळ जुन्या खतात वारात होतं, नव्या कार्डवर चौरस मीटरमध्ये, ते रूपांतर करून एका कागदावर मांडलं, थोडा फरक आला पण मोजणीतला असतो तेवढाच.

तरी वकिलाला रस्त्याच्या नावाचा एखादा धागा हवाच होता, आणि त्याचंही बरोबर होतं, कारण चतुःसीमा जुळली असं त्याला रिपोर्टमध्ये लिहायचं होतं. तो धागा शेवटी आमच्याच घरात सापडला. आईच्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत खरेदीखताखाली घरपट्टीच्या जुन्या पावत्यांचा गठ्ठा होता, आजोबा एकही पावती फेकत नसत. त्यातल्या सत्तरच्या दशकातल्या दोन पावत्यांवर पत्ता असा होता: एस. व्ही. रोड (घोडबंदर रोड), मालाड. ज्या कोणी कारकुनाने तेव्हा तो पत्ता लिहिला त्याने नवीन नाव लिहिलं आणि जुनं कंसात ठेवलं, कारण त्याला माहीत होतं की लोक अजून जुन्या नावानेच विचारतात. नंतरच्या पावत्यांवर कंस गेला. पुढच्या कुठल्या तरी कारकुनाला तो नको वाटला असेल, जागा पुरत नसेल, कोण जाणे. त्या दोन पावत्या मी कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो.

पावत्या, जोडणारी नोंद, नकाशाचा उतारा आणि आईचं एक प्रतिज्ञापत्र की खतातला घोडबंदर रोड आणि आजचा स्वामी विवेकानंद मार्ग हा एकच रस्ता आहे, एवढं दिल्यावर क्वेरी सुटली, वकिलाने क्लिअर रिपोर्ट दिला. त्याने फोनही केला आणि विचारलं की म्हणजे खरंच पूर्वी हा रस्ता ठाण्यापर्यंत एकच होता का. मी त्याला कड्याचा नकाशा पाठवला, माहीम ते घोडबंदर ते ठाणे ते सायन.

ज्यांच्याकडे जुनी खतं आहेत त्यांनी एक कराच. सर्व्हे नंबर ते सीटीएस नंबर ही नोंद आताच काढून ठेवा, व्यवहाराची वाट बघू नका. आणि ज्या पावतीवर, बिलावर, रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर रस्त्याची दोन्ही नावं असतील तो कागद वेगळा काढा, लॅमिनेट करू नका, नुसता जपून ठेवा आणि स्कॅन करा. वांद्रे, अंधेरी, गोरेगाव कुठेही असाल तरी हे लागू आहे, आणि कुर्ला-मुलुंड पट्ट्यात आग्रा रोडसाठीही.

महानगरपालिकेकडे माझी मागणी एकच आहे आणि ती फार खर्चाची नाही. नाव बदलू नका, आहे ते राहू द्या. फक्त स्वामी विवेकानंद मार्ग या पाटीखाली लहान अक्षरांत, जुना घोडबंदर रोड, एवढं लिहा. माहीम कॉजवे उतरल्यावर पहिल्या पाटीवर लिहा आणि दहिसरच्या शेवटच्या पाटीवर लिहा, मधल्या नाक्यांवर जमेल तसं. मीरा-भाईंदरने घोडबंदर किल्ल्यापाशी एक फलक लावावा की इथे मुंबईहून आणि ठाण्याहून येणारे दोन रस्ते मिळत होते. आता राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून बोरिवली ते ठाणे जोडबोगदा होतोय, एकूण ११.८ किलोमीटरचा मार्ग, २०२४ ला भूमिपूजन झालं. तो सुरू झाला की बोरिवलीहून ठाण्याला जायला घोडबंदरचा वळसा घ्यायची गरज उरणार नाही. चांगलंच आहे, त्या वळशात लोकांचे तासन्‌तास जातात, गायमुखच्या चढावर पावसाळ्यात जे हाल होतात ते मी स्वतः भोगलेत. पण वळसाही गेला आणि नावही गेलं तर त्या बंदराकडे जायचं कारण कोणालाच राहणार नाही.

जाता जाता, लेडी अवाबाईंच्या त्या अटीबद्दल. याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला, दहिसरला, हायवेवर टोलनाका होता आणि लहान गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ ला बंद झाला. कॉजवेच्या टोकाला १८४५ पासून टोल नाही आणि दहिसरच्या टोकाला तो लहान गाड्यांपुरता जायलाही २०२४ उजाडलं. तिच्या नावाचा एल. जे. रोड आहे, पण तिने काय केलं ते त्या दोन अक्षरांत कुठेच नाही.

आमच्या घराचं नवीन खरेदीखत मागच्या महिन्यात रजिस्टर झालं. ड्राफ्ट आला तेव्हा परिशिष्टात फक्त एस. व्ही. रोड होतं. मी घेणाऱ्याला विनंती केली, त्याने लगेच मान्य केलं, वकिलानेही हरकत घेतली नाही. आता त्यात असं लिहिलंय: पूर्वेस रेल्वेची हद्द, पश्चिमेस स्वामी विवेकानंद मार्ग (जुना घोडबंदर रोड).